भरतकामाच्या कॉम्प्युटरला हात लावल्याबद्दल

मंगळवार, दुपारचे तीन

आदरणीय साडूभाऊ,

ऑफिसच्या पत्त्यावर माझं पत्र पाहून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत. (सगळे म्हणजे मी, घरात दुसरं कोणी नाही.) नमस्कार स्वीकारा, पाणी प्या, दार लोटून घ्या आणि मग वाचा. पत्रास विशेष कारण असं काही नाही. माणसाला कधीतरी वाटतं, आपल्या साडूला चार ओळी लिहाव्यात. मला ते चोवीस वर्षांनी आज वाटलं, इतकंच. फोनच केला असता, पण तुमच्या घरचा फोन सध्या आमची ही उचलते, आणि तुमचा मोबाइलसुद्धा तीच उचलते, असं परवा माझ्या लक्षात आलं. मी "हॅलो साडूभाऊ" म्हणालो आणि पलीकडून "काय केलंत?" असा प्रश्न आला. काही केलं नसेल असं गृहीत धरण्याची पद्धतच त्या घराण्यात नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मेहुणीबाईंचा पाय कसा आहे? प्लास्टर घट्ट आहे ना? ते काढायची मुळीच घाई करू नका. हल्लीचे डॉक्टर उगाच लवकर मोकळं करतात आणि मग माणूस जन्मभर जिना चढताना कण्हत बसतो. आमची ही दहा दिवसांसाठी म्हणून आली असली, तरी बहिणीला गरज असेल तितके दिवस तिने खुशाल राहावं. मला स्वयंपाक येतो. (येत नाही. पण तिला सांगताना तुम्ही आधीचंच वाक्य सांगा.) तुमची ॲसिडिटी, तुमचे वरिष्ठ आणि तुमच्या गच्चीवरची गळकी टाकी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो.

इकडची हकिगत थोडक्यात अशी. (थोडक्यात होणार नाही, पण तसं म्हणायची पद्धत आहे.) आमच्या पुढच्या खोलीत हिचं भरतकामाचं मशीन आहे, ते तुम्ही पाहिलंय, मागे त्यावर तुम्ही चहाचा कप ठेवला होता आणि त्यानंतर दीड वर्ष तुमचा विषय घरात निघत नव्हता. शाळांचे बिल्ले, बेकरीवाल्यांच्या टोप्या, क्लबांचे टी-शर्ट असं सगळं तिथे भरलं जातं. ही आधी कॉम्प्युटरवर चित्र काढते, एक प्रोग्रॅम त्या चित्राचे टाके करतो, आणि वायरीतून ते टाके मशीनकडे जातात. तो प्रोग्रॅम एकोणीस वर्षांचा आहे. त्यात हिची अकराशे चाळीस चित्रं आहेत. माझा वाढदिवस हिला कॅलेंडर बघून सांगावा लागतो, पण कोणत्या शाळेच्या घुबडाच्या डाव्या डोळ्याला किती टाके, हे झोपेतून उठवून विचारा.

जाताना, दारात चपला घालता घालता, तिने मला एकच सूचना केली: "कॉम्प्युटरला हात लावू नका."

साडूभाऊ, मी हात लावला नाही. मी नवीन आणला.

आता तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असेल, तर तो खाली घ्या आणि माझी बाजू ऐका. जुना कॉम्प्युटर सकाळी चालू करून ही चहा टाकायला जायची, चहा पिऊन, कपबशा विसळून, शेजारणीशी बोलून परत यायची, तेव्हा तो नुकता डोळे चोळत असायचा. मला वाटलं, दहा दिवस घर रिकामं आहे, बायको परत येईल ती थेट नव्या झगझगीत पडद्यासमोर. शिवाय असलं काम करायला माझ्याहून लायक माणूस कोण? माझा व्यवसाय तुम्ही लोकांना "कंपनीत काहीतरी लिहितात" असा सांगता, हे माझ्या कानावर आलंय. मी माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सर, इस्त्री, पंखे, पाण्याचे गीझर यांच्या खोक्यात वरच्या थर्माकोलखाली जी घडी घातलेली पुस्तिका असते आणि जी तुम्ही न उघडता फेकता, ती माझी. "कपडे अंगावर असताना त्यांना इस्त्री करू नये" हे वाक्य माझं आहे. बावीस वर्षं मी जगाला सांगतोय की आधी वाचा, मग बटण दाबा. आणि जग आधी बटण दाबतं, मग ओरडतं, मग मला दोष देतं.

तेव्हा मी आधी वाचलं. हिच्या कपाटातून त्या प्रोग्रॅमची मूळ पुस्तिका काढली, पेन्सिल घेतली, पहिल्या पानापासून सुरुवात केली. आणि चौथ्या पानावर, ठळक अक्षरांत, वाक्य आलं: नव्या संगणकावर प्रोग्रॅम बसवण्यापूर्वी जुन्या संगणकावरील प्रत काढून टाकावी.

मी काढून टाकली.

हसू नका. हे वाक्य पाळणारा पृथ्वीतलावरचा मी पहिला माणूस असेन, हे मला आता कळतंय. असली वाक्यं कशी लिहिली जातात, हे खरं तर मला माहीत असायला हवं होतं. दुपारी चार वाजता, जेवण अंगावर आलेलं असताना, वकिलाला बरं वाटावं म्हणून लिहिली जातात. मीच अशी शेकडो लिहिली आहेत. पण डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरचं औषध बिनतक्रार गिळावंसं वाटतं ना, तसं झालं. एक माहितीपुस्तिकाकार दुसऱ्याचा शब्द खाली कसा पडू देणार? जुन्या कॉम्प्युटरने मला दोनदा विचारलं, नक्की का? मी दोन्ही वेळा अभिमानाने हो म्हटलं.

मग सीडी घेऊन नव्या कॉम्प्युटरकडे वळलो, तर त्याला सीडी घालायला जागाच नाही. चारी बाजूंनी फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला. गुळगुळीत. म्हटलं, काही हरकत नाही, तूर्त जुन्यावरच परत बसवू. तर जुन्याचा सीडीचा कप्पा उघडेना. तो गेली सहा वर्षं हिच्या केसांच्या पिनेनेच उघडतो. मी पिन शोधली, भोकात घातली, दाबली. कप्पा उघडला नाही. पिन आत गेली. तेव्हापासून तो कॉम्प्युटर चालू केला की आत कोणीतरी सुपारी फोडल्यासारखा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. (मिक्सरच्या पुस्तिकेत मी अशा आवाजासाठी एक अख्खी ओळ दिली आहे: "उपकरण त्वरित बंद करावे." केलं.)

याच सुमारास अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा फोन आला. त्यांच्या साठ जवानांच्या शर्टांसाठी बिल्ले भरायचे आहेत: शिडी, हेल्मेट आणि मागे ज्वाळा. त्या ज्वाळांसाठी हिने तीन आठवडे घालवले, पिवळ्यापासून लालपर्यंत सात छटा केल्या आणि रोज जेवताना मला विचारलं, "हे पेटल्यासारखं दिसतं की शिजल्यासारखं?" ही रविवारी घरी येणार आणि मग सावकाशीने बिल्ले भरणार, असं ठरलेलं होतं. पण प्रमुख म्हणाले, संचलन आठवडाभर अलीकडे आलंय, आता याच सोमवारी आहे, आणि त्यानंतर ते निवृत्त होतायत. शेवटच्या संचलनाला सगळ्यांच्या छातीवर नवा बिल्ला दिसावा, एवढीच इच्छा. "वहिनींना जमेल ना?" त्या माणसाचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. त्यांना गाडीवर भोंगा कशाला लागतो, कळत नाही. मी म्हणालो, "जमेल म्हणजे काय! झालेच समजा." हे मी का म्हणालो, ते मलाही कुठल्या पुस्तिकेत सापडलेलं नाही. एका बिल्ल्याला वीस मिनिटं लागतात, म्हणजे साठांना वीस तास. मशीन मला चालवता येतं (दोरे मीच ओवतो, आमच्या दोघांत डोळे माझे बरे आहेत). फक्त प्रोग्रॅम हवा.

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सीडी दोन बोटांत धरली, उजेडात तिरकी करून पाहिली आणि म्हणाला, "काका, अजून आहेत का अशा? मला द्या. मी खिडकीत टांगतो, कबुतरं येत नाहीत." मी त्याला सात छटांच्या ज्वाळांबद्दल सांगायला लागलो, तेव्हा त्याला दया आली असावी. त्याने सीडी वाचणारी एक बाहेरची डबी काढून दिली. घरी आलो, डबी जोडली, सीडी फिरली, माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. कारण त्यानंतर नवा कॉम्प्युटर बोलायला लागला.

साडूभाऊ, जुना कॉम्प्युटर उद्धट होता, पण सरळ होता. नाही म्हणजे नाही, मागोमाग एक कर्कश आवाज, संपला विषय. नवा अतिशय गोड आहे. तो प्रत्येक गोष्ट तुमच्या भल्यासाठी नाकारतो. या प्रोग्रॅमने तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करावेत असं तुम्हाला वाटतं का? (वाटतं, म्हणून तर कालपासून आंघोळ राहिली आहे.) हा प्रोग्रॅम कोणी बनवला, ते माहीत नाही, मी तुमचं रक्षण केलं आहे. हा प्रोग्रॅम इथे चालू शकत नाही; कृपया निर्मात्याशी संपर्क साधावा. शब्दांत गोडवा, चेहऱ्यावर मंद हसू, आणि जागचं तसूभर हलायचं नाही. मला सारखं वाटत होतं, हा सूर आपण कुठे ऐकलाय? मग आठवलं: आपल्या दोघांच्या सासूबाई. "तुम्ही बसा हो जावईबापू, तुम्हाला नाही जमायचं" यातलं जे प्रेम असतं ना, तेच. अकराशे चाळीस चित्रं मी नव्यात उतरवून घेतली होती (मागच्या वर्षापासून ही सगळी चित्रं एका पेनड्राइव्हवरही ठेवते, आमच्या घरात दूरदृष्टी असलेलं माणूस एकच आहे), पण ती पांढऱ्या कोऱ्या कागदांसारखी रांगेत उभी. उघडायला गेलं की विचारतो, हे कशाने उघडू? मी खुर्चीतून उठायचो, स्वयंपाकघरात जायचो, काहीही न खाता परत यायचो, तेच बटण तितक्याच आशेने पुन्हा दाबायचो. चोवीस वेळा दाबलं.

शेवटी निर्मात्याशी संपर्क साधला. पुस्तिकेच्या मागच्या पानावर मदतीचा फोन नंबर होता. दोन रिंगा झाल्या आणि एक बाई म्हणाल्या, "बोला. दात की भरतकाम?"

मी पुस्तिकेवरचा नंबर पुन्हा एकदा ताडून पाहिला.

"भरतकाम," त्या पलीकडून म्हणाल्या. "दातवाले लगेच बोलतात."

तर प्रकार असा, की ती कंपनी कधीच गुंडाळली गेली आणि तो नंबर एका दंतवैद्याच्या दवाखान्याला मिळाला. गेली नऊ वर्षं तिथल्या स्वागताच्या टेबलावर या बाई बसतात आणि नऊ वर्षं आमच्यासारखे लोक त्यांना फोन करून रडतात. पहिली दोन वर्षं त्यांनी "राँग नंबर" म्हणून पाहिलं. मग जे कोणी मार्ग सापडल्यावर आभार मानायला पुन्हा फोन करायचे, त्यांच्याकडून त्या लिहून घ्यायला लागल्या. आता त्यांच्याकडे एक वही आहे. भरतकामातलं त्यांना काडीचं येत नाही, कॉम्प्युटर तर त्यांच्या टेबलावरही नाही. पण त्या प्रोग्रॅमबद्दल त्यांच्याइतकं जाणणारं माणूस आज हयात नसावं.

मी म्हटलं, सांगा, लिहून घेतो. त्या म्हणाल्या, "दात शेवटचे कधी दाखवलेत?"

म्हटलं, दात उत्तम आहेत.

"सगळे असंच म्हणतात. चार वाजताची वेळ मोकळी आहे. या, तपासून घ्या, वही इथेच आहे."

गेलो. काय करता? खुर्चीत आडवा झालो, तोंडात आरसा आणि नळी, आणि या बाई वही घेऊन दारात उभ्या राहून वाचायला लागल्या. डॉक्टर दाढेवर टकटक करतायत आणि बाई सांगतायत: "ऐका हं. तुमच्या प्रोग्रॅमला काही झालेलं नाही. तो चालतो. त्याला आत घेऊन जाणारा जो असतो ना, बसवणारा, तो त्याच्याहून म्हातारा आहे. त्याला नव्या घराचा जिना चढवत नाही. म्हणजे सामान धड आहे, हमाल दमलाय. हमालाला बाहेर बसवा आणि सामान तुम्ही स्वतः उचलून आत ठेवा." मी "आँ आँ" केलं. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय का?" बाई म्हणाल्या, "दुखत नाहीये, कुठे ठेवायचं ते विचारतायत." डॉक्टरांनी हातातलं न थांबवता मला समजावलं, की त्यांचे निम्मे पेशंट भरतकामातूनच आलेले आहेत आणि एकूण भरतकामवाल्यांच्या दाढा फार वाईट असतात, बहुतेक दोरा दाताने तोडत असल्यामुळे. मी दोरा कात्रीने तोडतो, हे मला सांगता आलं नाही. निघताना बाईंनी वहीतल्या सूचनांची स्वच्छ अक्षरातली नक्कल हातात ठेवली. साडूभाऊ, मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. अकरा ओळी होत्या. एक शब्द काढता येत नव्हता, एक घालता येत नव्हता. मला त्या बाईंचा मत्सर वाटला.

आज सकाळी बसलो. इंटरनेट काढलं. हमालाला बाहेर बसवलं, सामान हाताने आत नेलं. "जुन्या पद्धतीने चालव" अशी खूण केली. "मालक म्हणून चालव" अशीही एक खूण असते. माझ्याच घरात मीच मालक आहे, हे त्याला तीनदा पटवून द्यावं लागलं. (त्याची मला सवय आहे.) आणि बरोबर पावणेबाराला पडद्यावर सुई-दोऱ्याचं ते जुनं, फिकट निळं चित्र आलं! मी एकटाच टाळ्या वाजवल्या. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला काठी ठोकली. अशा रीतीने सर्व काही सुरळीत पार पडलं, हे कळवायला म्हणूनच आज चार ओळी लिहायला बसलो. दुसरं काही नाही. मेहुणीबाईंना लवकर बरं वाटो (पण फार लवकर नको), तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, आणि आपल्यातला पत्रव्यवहार इथून पुढेही असाच बिनकारणाचा राहो.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. सुई-दोऱ्याचं चित्र आल्यावर खाली एक ओळ येते: चावी जोडा. ही चावी म्हणजे अंगठ्याएवढा हिरवा प्लास्टिकचा तुकडा. तो कॉम्प्युटरला मागे लावला, तरच प्रोग्रॅम पुढे सरकतो. कंपनीने तो प्रोग्रॅम चोरून वापरणाऱ्यांना अडवायला काढला. आमची ही तो माझ्यामुळे पर्समध्ये ठेवते, कारण मी एकदा आवराआवरी करताना तो "कशाचातरी तुटलेला भाग" म्हणून कचऱ्यात टाकला होता आणि ही ओली पिशवी उपसत बसली होती. तर तेवढी ती हिरवी चावी पर्समधून काढून कुरियरने पाठवून द्यावी. तिला सांगायची गरज नाही.

ता. क. २ (मंगळवार, संध्याकाळी) पर्स तपकिरी आहे. बाहेरच्या कप्प्यात पाहू नका, तिथे फक्त गोळ्या आणि बिलं असतात. आतल्या चेनच्या कप्प्यात, रुमालाखाली. ती आंघोळीला गेली की तुम्हाला वीस मिनिटं मिळतात. केस धुणार असेल तर पस्तीस. चेन ओढताना वरचं कापड दुसऱ्या हाताने धरा, म्हणजे आवाज होत नाही. गेल्या बावीस वर्षांत इतक्या काळजीने मी कोणतीच सूचना लिहिलेली नाही. वाचा, मगच हात घाला.

ता. क. ३ (बुधवार सकाळ, कुरियरवाला दारात उभा आहे) वरचे दोन्ही ता. क. रद्द समजावेत. मघाशी प्रमुख स्वतः येऊन गेले. साठ शर्ट घड्या घालून, दोरीने बांधून आणले होते, सगळ्यांत वरचा त्यांचा स्वतःचा. मशीनकडे पाहून म्हणाले, "बंद दिसतंय." मी म्हणालो, "विश्रांती देतोय." त्यांनी मान डोलावली, आणि विश्वास ठेवला. तेव्हापासून मला खोलीत थांबवत नाही आणि बाहेरही जाववत नाही. शिवाय विचार केला, तुम्ही चावी काढाल हे खरं, पण त्याच दिवशी जेवताना कोणी न विचारता स्वतःहून कबुली द्याल. एवढ्या वर्षांत तुमच्या पोटात काही राहिल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा हे पत्र असंच्या असं तिच्या हातात द्या. सगळी पानं. जुना प्रोग्रॅम मी काढला, पिन मी घातली, सोमवारचा शब्द मी दिला, हे मला फोनवर सांगता येणार नाही, मी सुरुवात केली की तीच "काय केलंत?" म्हणते आणि मी हवेबद्दल बोलायला लागतो. चावी शुक्रवारपर्यंत आली, तर रविवारी रात्रीच्या आत साठ बिल्ले होतात. ती स्वतःच चावी घेऊन आली, तर त्याहून चांगले होतील, कारण ज्वाळांचे दोरे कोणत्या क्रमाने लावायचे, हे फक्त तिला माहीत आहे. मेहुणीबाईंना म्हणावं, माफ करा, काही दिवस पाय तुम्हीच सांभाळा.

पत्र देऊन झाल्यावर तुम्ही खोलीत थांबू नका. वाचताना ती पहिल्यांदा हसेल. ते खरं नसतं, त्यावर जाऊ नका. दाराबाहेर उभे राहा. दुसऱ्यांदा हसली, तर मात्र लगेच मला फोन करा.